चार बोटे

धार, कार्तिक वद्य ३, शके १८३१

चि. श्रीपाद यास,

सात वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा आशीर्वादही सात वर्षांचे साठलेले आहेत. एकदम उचलू नकोस, कमरेत उसण भरेल. अर्थात उसणीवर देवासचे लोक तुझ्याकडेच येतात असे ऐकतो.

तुमच्या देवासात एकाच रस्त्याला दोन राजे, एक थोरली पाती, एक धाकटी पाती. आपल्या घराचेही तेच झाले. पण त्या दोघांच्या मधे निदान रस्ता तरी आहे.

काम असे. आमच्या पाठशाळेत एक शास्त्री आहेत. वय सत्तेचाळीस, बुद्धी बरी, स्वतःविषयीचे मत त्याहून बरे. वैशाखात हे गृहस्थ वरच्या फळीवरची पोथी काढायला शिडीवर चढले आणि मधल्या पायऱ्या वगळून खाली आले. पोथी सुखरूप आहे. डाव्या पायाची नडगी मोडली. दवाखान्यात फळ्या बांधल्या, दीड महिन्यात हाड सांधले, हाडाविषयी तक्रार नाही. तक्रार गुडघ्याची आहे. तो वाकत नाही. पाय काठीसारखा सरळ राहतो, दोन काठ्यांच्या आधाराने चालताना तीन काठ्या दिसतात. परवा पंगतीत बसवले तर टाच शेजाऱ्याच्या आमटीत गेली. शेजारी सुस्वभावी होता, म्हणाला, "असू द्या, शास्त्रीबुवा, तीर्थच झाले." त्या दिवसापासून गृहस्थ पंगतीला जात नाहीत.

डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला. उशीर का झाला ते शास्त्रीबुवा कोणाला सांगत नाहीत.

माघ शुद्ध अष्टमीच्या आत त्यांना डावा गुडघा भुईला टेकवून टाचेवर बसता आले पाहिजे. काही उपाय असेल तर चार ओळी लिही. गृहस्थ हट्टी आहेत, पण अलीकडे रडतात. कोणी नसताना रडतात, म्हणून ही गोष्ट मला कशी ठाऊक ते विचारू नकोस.

घरी सर्व क्षेम. तुझ्या वहिनी तुझी आठवण काढतात. मी काढत नाही असे त्यांना वाटते.

दत्तो


धार, मार्गशीर्ष शुद्ध ४

चि. श्रीपाद यास,

तुझे कार्ड पोचले. त्यावरचा मजकूर असा: "दादा, पट्टी सोड. ओट्यावर बस. पाय लोंबू दे. रोज दोनदा."

सूत्रकारांनी एक अक्षर वाचवले की पुत्रजन्माचा आनंद मानावा अशी आमच्याकडे रीत आहे. तुला या कार्डात जुळेच झाले. भाष्य मला करावे लागणार, म्हणून करतो.

पहिलाच शब्द 'दादा'. तेवढ्याने शास्त्रीबुवांचे सोंग गळून पडले. ठीक. तो मीच. माघ शुद्ध अष्टमी ही आपल्या माईच्या श्राद्धाची तिथी आहे हे तू विसरला असशील अशी मला आशा होती की भीती, ते सांगता येत नाही.

पुढचे दोन शब्द: 'पट्टी सोड.' पट्टी अजून बांधलेली आहे हे देवासात बसून तुला कसे कळले? ती डॉक्टरांनी बांधलेली नाही. डॉक्टरांनी आषाढातच सगळे सोडून टाकले आणि बजावून सांगितले, "शास्त्रीबुवा, हाड जुळले, आता तेल लावून, शेकून गुडघा रोज वाकवा. दुखेल, पण वाकवा." मी मान डोलावली. घरी येऊन एकदा वाकवला. श्रीपाद, डोळ्यांपुढे काजवे आले. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, आणि तुझ्या भावाला दुखण्यातून सुटायची शास्त्रोक्त वाट सापडली. संकल्प सोडला की चातुर्मासभर पाय फळीला बांधून, हालचाल न करता, पडल्या पडल्या एकशेआठ पारायणे करीन, देवाने पाय परत द्यावा. लोक चातुर्मासात कांदा-वांगे सोडतात, मी गुडघा सोडला. यंदा श्रावण अधिक, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा. मूर्खपणालाही अधिक मास लाभला.

लोक दर्शनाला येत. "काय हो निग्रह!" म्हणत. मी डोळे मिटून ऐके. कार्तिकी द्वादशीला संकल्प पुरा झाला, पट्टी सोडली, पाय उचलला, तो फळीसकट उचलल्यासारखा आला. फळी बाजूला पडलेली होती. त्याच दिवशी मी पट्टी परत बांधली. निदान मग न वाकण्याला काही कारण तरी दिसते.

हे तुझ्या वहिनींनाही ठाऊक नाही. त्या अजून डॉक्टरांना बोल लावतात आणि मी लावू देतो.

आता तुझ्या सूत्राप्रमाणे पट्टी सोडली आहे. ओट्याच्या कडेला बसतो, पाय लोंबू देतो. तो लोंबत नाही, समोरच्या घरावर रोखून राहतो. पाव घटकेने इतके दुखते की मी धातुरूपे म्हणतो. दहाही गण म्हणून झाले, गुडघा तिथेच.

मला भीती वाटते, श्रीपाद. परवा परसात पडलो. वहिनींनी काखेत हात घालून उचलले, अंग धुतले, कोरडे केले. तसेच माईला उचलत असू, ते तुला आठवेल.

तू ये. शक्य असेल तर.

दत्तो


धार, पौष शुद्ध ११

चि. श्रीपाद यास,

तू आला नाहीस, पण तुकाराम उस्तादांना पाठवलेस. ज्या माणसाच्या आखाड्यात तू जातोस म्हणून मी घरात सोवळे-ओवळे काढले, ज्याला 'ब्राह्मणाची पोरे मातीत घालणारा' म्हणालो, तो सत्तर वर्षांचा मराठा छकड्यात बसून तीन दिवसांनी माझ्या दारी उतरला. सूड घ्यायची ही तऱ्हा तू कोणाकडून शिकलास?

दारातच म्हणाले, "पंडतजी, पाय दाखवा."

मी त्यांना बसा म्हटले, पाणी विचारले, प्रवास कसा झाला विचारले.

"ओ भिया, प्रवास झाला चांगला. तोंड नंतर बोलेल. पाय दाखवा."

बारा दिवस राहिले. ओसरीवर स्वतः रांधत. पहिल्या दिवशी मला पालथे झोपवून पाय वाकवला आणि टाच ते बैठक हे अंतर आडव्या बोटांनी मोजले. अठ्ठावीस बोटे. कोळशाने भिंतीवर रेघा ओढल्या. मग तापल्या वाळूच्या पोटलीने शेक, तिळाचे तेल, आणि गुडघ्याची वाटी दोन अंगठ्यांत धरून डावी-उजवी, वर-खाली सरकवणे. "वाटी चिकटली आहे. आधी तिला हलवू, मग दार उघडेल." त्यानंतर पाटावर रांगोळी भुरभुरवून त्यावर टाच मागे ओढायची, शंभर वेळा. तुझ्या वहिनी म्हणाल्या, "लग्नानंतर प्रथमच यांनी रांगोळीला हात लावला, तोही पायाने."

शेवटी ओट्यावर बसून घोट्याला वजन बांधायचे होते. उस्तादांनी वाळूची पिशवी मागितली. वहिनींनी माळ्यावरून एक आणून दिली. माईच्या नेसूच्या लाल आलवणातून शिवलेली, तुझ्या वेड्यावाकड्या टाक्यांची. ती पिशवी आता रोज माझ्या पायाला असते. तिच्याविषयी पुढे लिहीन.

तिसऱ्या दिवशी उस्तादांनी गुडघ्यावर भार दिला आणि मी ओरडलो. बेताने ओरडलो म्हणून सांगेन, पण शेजारच्या भवानीबाई पीठ चाळता चाळता चाळणीसकट आल्या. "अहो वहिनी, पुन्हा माईंच्या वेळेसारखे चालले काय घरात?" मी उस्तादांचा हात धरला. म्हटले, पुरे.

उस्तादांनी हात काढला नाही. म्हणाले, "पंडतजी, दुखणं दोन जातीचं. एक ओढीचं, एक तुटीचं. तुटीचं असेल तर माझा अंगठा आधी सांगतो, मी लगेच सोडतो. हे ओढीचं आहे. दार गंजलंय, उघडताना कुरकुरणारच. कुरकुर ऐकून दार लावून घेतलं तर आत कोण बसणार? तुम्हीच."

आमच्या सगळ्या दर्शनांत दुःखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, पण अंगठ्याने ओळखता येतील असे दोन कोणी सांगितले नाहीत. त्या दिवशी चोवीस झाली. ते निघाले तेव्हा अकरा.

जाताना मी विचारले, "श्रीपाद का आला नाही? माझ्यावर राग आहे?"

त्यांनी पंचाने हात पुसले. मग म्हणाले, "राग असता तर बरं होतं. राग हाताला जोर देतो. त्याच्या हातासारखा हात मी दुसरा घडवला नाही. पण सात वर्षांत काय झालंय, माणूस ओरडला की त्याचा हात थांबतो. जागच्या जागी. अर्धं काम टाकून विहिरीवर जाऊन बसतो. मग उरलेलं मी करतो. तुम्ही ओरडणार, हे त्याला ठाऊक होतं. मी तरी किती दिवस पुरणार, भिया?"

छकडा दिसेनासा होईपर्यंत मी दोन काठ्यांवर उभा होतो. श्रीपाद, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटत होते, मी फक्त एकच माणूस पांगळा केला.

दत्तो


धार, पौष अमावास्या

चि. श्रीपाद यास,

तुझे उत्तर नाही. मी मागे लिहिले त्यात उत्तर देण्याजोगे काही नव्हते, हेही खरे.

गुडघा चार बोटांवर येऊन थांबला आहे. आठ दिवस झाले. सकाळी चार, संध्याकाळी चार. वाळू, तेल, रांगोळी, सगळे उस्तादांच्या सांगण्याबरहुकूम. एका काठीवर चालतो, पायऱ्या चढतो, खुर्चीवर माणसासारखा बसतो. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. पण टाचेवर बसायला गेलो की ती चार बोटे मधे येतात, तोल जातो आणि मी बाजूला कलंडतो.

शालिग्राम भटजींना विचारले. ते आपले जुने, भले. म्हणाले, "दत्तोपंत, पितरांच्या कर्मात डावा गुडघा भुईला, हे खरे. पण अशक्ताला सूट आहे. खुर्चीवर बसून करा, गुडघा मनाने टेकवा."

मी म्हटले, "भटजी, मनाने टेकवायचाच असता तर मी सात वर्षांपूर्वी टेकवला असता."

त्यांना कळले नाही. तुला कळावे म्हणून लिहितो. आजवर कोणालाही सांगितले नाही ते लिहितो. इथे विनोद सुचत नाही, तेव्हा तो शोधू नकोस.

माईची उजवी बाजू गेली, तू देवासहून आलास, तीन महिने रोज तिचा खांदा, कोपर, बोटे सोडवीत बसलास. ती भिंत धरून चार पावले टाकू लागली होती. आणि ती ओरडत असे. दारात लोक जमत, मला लाज वाटे. त्या दिवशी मी तेलाची वाटी उडवून दिली आणि म्हणालो, "आईचा जीव घेतोस काय मांगासारखा? चालता हो." तू हात धुतलेस आणि गेलास. इथपर्यंत तुला ठाऊक आहे.

तू गेल्यावर घर शांत झाले. मी तिला मऊ गादी करून दिली. हलवू दिले नाही. सेवा म्हणून, श्रीपाद. लोक म्हणत, "पुत्र असावा तर असा." दोन महिन्यांनी पाहिले तर ती डाव्या हाताने तुझी ती वाळूची पिशवी उजव्या मनगटावर ठेवून, दात-ओठ खाऊन, हात उचलत होती. एकटीच. मोजत होती. मी म्हटले, "माई, उगी पड. कशाला स्वतःला छळतेस?" आणि पिशवी काढून माळ्यावर टाकली. त्यानंतर ती पडून राहिली. हात आखडत आखडत छातीशी गेला. चार महिन्यांत बोटे तळव्यात रुतली. ती मला सोडवता आली नाहीत, अखेरपर्यंत.

जायच्या आदल्या दिवशी तिची जीभ थोडी मोकळी झाली. म्हणाली, "श्रीपादाला बोलाव." मी म्हटले, "त्याने तुला किती छळले, माई." मग सावकाश, एकेक शब्द लावीत म्हणाली, "मी ओरडत होते रे. थांब म्हणत नव्हते."

मी तुला बोलावले नाही. निरोपही सांगितला नाही. तू तेराव्याला आलास, दारात उभा राहिलास, तेव्हाही नाही. ते वाक्य तुझे होते. सात वर्षे मी ते दाबून ठेवले, आणि त्या सात वर्षांत तुझा हात थांबत राहिला.

आता तुला हवे तर पत्र फाड. वाक्य तेवढे ठेव.

दत्तो


देवास, माघ शुद्ध ७

चि. श्रीपाद यास,

हे पत्र टपालाने नाही, शालिग्राम भटजींच्या हाती देतो आहे. तेही माझ्याबरोबर आले आहेत. महू, इंदूर, देवास, छकड्याच्या प्रत्येक धक्क्याला त्यांनी नामस्मरण केले, मी गुडघा वाकवला. पुण्य कोणाचे जास्त ते ठरायचे आहे.

टेकडीच्या पायथ्याच्या धर्मशाळेत उतरलो आहे. इथून तुमचा आखाडा दिसतो. पावले मोजली. एका काठीने दोनशे सहा. सकाळी मी दाराशी येऊन गेलो. तू आत एका म्हाताऱ्या हलवायाचा खांदा धरून बसला होतास. म्हातारा ओरडला, "अरे मरी गयो, भिया!" तुझा हात थांबला. तू उठून विहिरीकडे गेलास. उस्ताद तुझ्या जागी बसले. त्यांचा हात आता थरथरतो, हे तूही पाहत असशीलच. हलवाई तसाच खांदा धरून घरी गेला.

मला हाक मारता आली नाही. मी परत दोनशे सहा पावले आलो.

उद्या माईची तिथी. तळ्याच्या काठी श्राद्ध करणार आहे, भटजींनी जागा पाहिली आहे. पिंड द्यायचा तर तुझ्याही हाताने दिला जावा, हे मी सात वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते, ते आज म्हणतो. माझी टाच अजून चार बोटे लांब आहे. उस्तादांना विचारले. म्हणाले, "यातली दोन त्याच्या हाताने सुटतील. माझ्या हाताने नाही." उरलेल्या दोन बोटांच्या फटीत माईची पिशवी ठेवीन. भटजींना विचारले, पिशवीत वाळू आहे, वाळू शुद्ध असते. विधवेच्या आलवणाबद्दल त्यांनी विचारले नाही.

तू भाऊ म्हणून ये असे मी म्हणत नाही. तो हक्क मी तेलाच्या वाटीबरोबर उडवून दिला. हात म्हणून ये. मी मागच्या खोलीत आहे. तेल कोमट करून ठेवले आहे, शेकून झाले आहे, दार नुसते लोटलेले आहे. बाहेर भटजी बसतील, कोणी जमले तर ते त्यांना पंचांग सांगतील.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण वेळेवर मला सांगता येणार नाही आणि तिलाही सांगता आली नव्हती. मी ओरडेन. मोठ्याने ओरडेन, टेकडीवर ऐकू जाईल असा. तुझा अंगठा जोवर तुटीचे म्हणत नाही, तोवर

थांबू नकोस.

दादा